वाचक क्रमांक चार

मानवतच्या बसस्थानकावर वालूरची गाडी त्या दिवशीही उशिरा होती, पण संघप्रियाला त्याचं काही वाटत नव्हतं. ती भांडणात गुंतली होती. मांडीवर दोनशे पानी वही, वहीवर उघडं पुस्तक, हातात निळा पेन... आणि ज्याच्याशी भांडण चाललं होतं तो कोण, कुठला, म्हातारा की तरुण, हेच तिला ठाऊक नव्हतं. वहीत त्याचं नाव एवढंच होतं – वाचक क्रमांक चार.

डिसेंबरची दुपार होती. कापसाने फुगलेले ट्रक समोरच्या रस्त्यावरून जात होते आणि जाताना कडुलिंबांच्या फांद्यांना पांढरे पुंजके चिकटवून जात होते. एक पुंजका उडत येऊन तिच्या केसांत बसला. तिचं लक्ष नव्हतं.

"एवढं दाबून लिहू नका. पान फाटंल," बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

तिने वर पाहिलं. पंचविशीतला एक सावळा, उंच मुलगा. चष्मा, आणि पायाशी मातीच्या छोट्या छोट्या पुड्या भरलेली पिशवी. तो तिच्याकडे बघतही नव्हता. बघत होता तो तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे, आणि असा, की जणू परगावी अचानक घरचं माणूस दिसावं.

"फाटू द्या," ती म्हणाली. "ज्याला वाचायचंय त्याला कळू द्या."

"कुणाशी भांडायलात?"

दुसरं कुणी असतं तर तिने उत्तर दिलं नसतं. पण भांडणाला ऐकणारं माणूस हवंच असतं. तिने सांगून टाकलं.

जिंतूरला सरजाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी एक टपाल वाचक मंडळ काढलं होतं. सात वाचक, एक पुस्तक, एक वही. पुस्तक टपालाने यायचं, वीस दिवसांत वाचायचं, वहीत मत लिहायचं आणि दोन्ही परत जिंतूरला पाठवायचं. तिथून सरजाबाई नव्या वेष्टनात बांधून पुढच्याला धाडायच्या. एक फेरी झाली की उत्तरांसाठी तेच पुस्तक आणि तीच वही दुसऱ्यांदा फिरायची. कुणी कुणाला ओळखायचं नाही. वहीत फक्त क्रमांक. नाव कळलं की आडनाव कळतं, आणि आडनाव कळलं की माणूस पुढचं वाचत नाही, असं सरजाबाईंचं म्हणणं. मोबाईलवर मत देण्यालाही बंदी होती. मोबाईलवर मत नुसतं फुटतं, टपालात ते पिकतं, असंही त्या म्हणायच्या.

सध्या फिरत होती ती 'चौथा भोंगा' नावाची कादंबरी. एका उद्याच्या शहराची गोष्ट. तिथे दिवसातून चार भोंगे वाजायचे आणि चौथ्यानंतर कुणी आपली गल्ली सोडायची नाही. अठराव्या वर्षी प्रत्येकाच्या हाती सरकारी चिठ्ठी यायची – काम कोणतं करायचं, लग्न कुणाशी करायचं. निमा नावाची मुलगी चिठ्ठी फाडते आणि शहराच्या भिंतीवर चढते. ज्याच्यासाठी चढते तो मुलगा मात्र खालीच उभा राहतो. आईकडे बघत. निमा एकटी पलीकडे उडी मारते.

"आणि हे चार नंबर काय लिहितात, ऐका," संघप्रिया म्हणाली आणि वहीतून वाचू लागली. 'मुलगा चुकला असं मला वाटत नाही. भिंतीवरून उडी मारणं सोपं असतं. मागे राहिलेल्यांना तोंड देणं अवघड असतं.' तिने वही मिटली. "सोपं म्हणे. भिंतीला कधी हात लावला नसंल ह्या माणसानं. ज्याच्या दारात भिंत नसती त्यालाच ती सोपी दिसती."

"तुमी काय लिहिलं मग?"

"लिहिलं, की चार नंबर, तुम्ही भित्रे आहात. आणि भित्र्या माणसांना अवघड शब्द फार आवडतात."

तो मुलगा चष्मा काढून पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला.

"म्हातारा असंल बिचारा," तो शेवटी म्हणाला.

"असू द्या. मला लाज न्हाई वाटत."

गाडी आली. गर्दी दाराकडे धावली, तीही धावली आणि खिडकीची जागा मिळवून बसली. तो खिडकीखाली येऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"एक सांगायचं होतं... तुमचं उत्तर वाचायला मला मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं असतं. आजच कळलं, बरं झालं."

"म्हणजे?"

"म्हातारा न्हाई मी. सव्वीस वर्षांचा हाय. भित्रा हाय की न्हाई ते मात्र तपासावं लागंल." गाडी हलली तसा तो दोन पावलं सोबत चालला. "आन तुमच्या केसांत कापूस हाय."

संघप्रियाने वालूर येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहिलं. केसांतला कापूस तिने काढला. टाकायला मात्र विसरली.

ती मानवतच्या एका खासगी प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची. रोज वालूरहून सकाळच्या गाडीने यायची, दुपारच्या गाडीने परतायची. तो परभणीला माती तपासायचा. आठवड्यातून दोनदा नमुने गोळा करत मानवतच्या बाजूला यायचा. पुढच्या आठवड्यात तो दोनदाचा तीनदा आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात चारदा.

"मानवतची माती एवढी आजारी हाय का?" तिने विचारलं.

"माती ठीक हाय," तो म्हणाला. "तपासणाराच बिघडलाय."

आधी ते पुस्तकावर बोलायचे, मग पुस्तकाच्या आडून बोलायचे, आणि मग पुस्तक आडवं घालायची गरजही उरली नाही. तिला कळलं की त्याला हसू आलं की तो आधी खाली बघतो. त्याला कळलं की ती रागावली की तिचा आवाज वाढत नाही, उलट उतरतो. चहाचे दोन कप बाकावर मध्ये ठेवलेले असायचे. कुणाचा कोणता, याची गल्लत होऊ लागली, आणि ती कुणीच सुधारली नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी तीच म्हणाली, "सरजाबाईंचा नियम मोडायचाय मला." आणि त्याच्याकडे सरळ बघत, एकेक शब्द सुटा करत तिने सांगितलं – "संघप्रिया सिद्धोधन खिल्लारे. वालूर, भीमनगर. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. मी हे कुठं लपवत न्हाई, आन कुणी हळू आवाजात विचारलेलं मला आवडत न्हाई. आता तुमी गाडी बदलणार असाल तर आजच बदला."

त्याने हातातला कप बाकावर ठेवला.

"महारुद्र बन्सीधर होगे," तो म्हणाला. "गाव इथून दोन कोसावर. वीस एकर रान, वडील गावात पंच. गाडी बदलायची न्हाई मला. पण... मी भित्रा हाय, संघप्रिया. तुमी लिहिलं ते खरं हाय."

ते ऐकून तिला राग यायला हवा होता. आलं ते प्रेम. आपला भित्रेपणा इतक्या सरळ कबूल करणारा माणूस तिने आजवर पाहिलाच नव्हता.

मार्चमध्ये व्हायचं तेच झालं. कुणीतरी पाहिलं, कुणीतरी सांगितलं. वालूरला संघप्रियाचे वडील सिद्धोधन जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. त्यांनी लेकीला समोर बसवलं. आई कुसुमबाई भाकरी थापता थापता थांबली. संघप्रियाने काहीच नाकारलं नाही. मुलाचं नाव, गाव, काम, सगळं सांगितलं. गुरुजी ओरडले नाहीत. तालुक्यात अशा प्रकरणांत कुणाकुणाच्या वाट्याला काय काय आलं, ते त्यांनी शांतपणे सांगितलं. दर वेळी भोगणारं घर कुणाचं होतं, तेही सांगितलं.

"मी तुला अडवणार न्हाई," ते शेवटी म्हणाले. "बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावून पोरीला अडवलं तर तो फोटो उतरवावा लागंल. पण त्या पोराला एकच गोष्ट विचार. तुझं नाव तो त्याच्या घरात, दार उघडं ठेवून घेऊ शकतो का? लपूनछपून असंल तर मला चालायचं न्हाई. अन तुलाबी चालू नये."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. महारुद्रचा चेहरा उतरला. घरी त्याच्यासाठी सेलूचं स्थळ बघायला लागले होते. आईला रक्तदाबाचा त्रास होता. थोडं थांबू, तो म्हणाला. सुगी होऊ दे, बहिणीचं बाळंतपण होऊ दे, मग योग्य वेळ बघून...

संघप्रियाचा आवाज उतरला.

"माझं नाव घ्यायला मुहूर्त लागत असंल तर घेऊच नका," ती म्हणाली. "मी कुणाच्या घरातली लपवून ठेवायची वस्तू न्हाई. तुमी तुमच्या आईकडं बघत उभे राहा. मला भिंतीवर एकटीला चढता येतं."

त्या दिवसापासून ती तासभर आधीच्या गाडीने जाऊ लागली. तिला वाटलं होतं राग पुरेल. राग आठ दिवस पुरला. मग प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी सरकवताना मध्येच डोळे भरून यायचे, आणि पेशी पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागायच्या. पण ती जुन्या गाडीकडे परतली नाही. फोनही केला नाही. रडायचं तर रडू, पण वाकायचं नाही, एवढं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

मे महिन्याच्या शेवटी पोस्टमनने एक पाकीट आणून दिलं. जिंतूरचं. दुसरी फेरी सुरू झाली होती, आणि चारांनंतर पाचाचा, म्हणजे तिचाच, क्रमांक होता. वरती सरजाबाईंच्या ठाशीव अक्षरातली चिठ्ठी होती. 'मंडळाचा नियम मोडला गेला आहे. आठ वर्षांत प्रथमच. मोडणाऱ्याला मी काय शिक्षा द्यावी, हे वाचक क्रमांक पाचने वाचून कळवावं.'

संघप्रियाने वही उघडली. ओळखीचं बारीक अक्षर. पण या वेळी वर क्रमांक नव्हता.

'मी महारुद्र बन्सीधर होगे,' असं त्यात लिहिलं होतं. 'मागच्या फेरीत मी लिहिलं की भिंतीखाली थांबलेला मुलगा चुकला नाही. ते मी मागे घेतो. तो आईसाठी थांबला नव्हता. आईचं नाव पुढे करून तो स्वतःच्या भीतीपाशी थांबला होता. मला हे कळलं, कारण मीही तेच केलं. परवा सकाळी आमच्या ओसरीवर वडील, चुलते आणि सेलूचे पाहुणे बसलेले असताना मी उभा राहून सांगितलं की माझं संघप्रिया सिद्धोधन खिल्लारे हिच्यावर प्रेम आहे आणि लग्न करेन तर तिच्याशीच. दार उघडं होतं. वडिलांनी मला घर सोडायला सांगितलं. मी आता परभणीत खोली घेऊन राहतो. हे मी तिच्या होकारासाठी केलेलं नाही. ती नाही म्हणाली तरी मी सांगितलेलं खोटं होत नाही. ही वही आणखी पाच अनोळखी माणसं वाचणार आहेत, म्हणून मुद्दाम इथे लिहितो. पुस्तक छान आहे. शेवटही बरोबर आहे. फक्त त्या मुलाने मागून यायला हवं होतं, उशिरा का होईना.'

तिने ते उभ्यानेच वाचलं. मग उंबऱ्यावर बसून वाचलं. मग वडिलांना नेऊन दिलं. गुरुजींनी चष्मा लावला, संपूर्ण वाचलं, आणि शिक्षकाच्या सवयीने म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं हाय."

कुसुमबाईला इतक्या दिवसांनी हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी संघप्रियाने परभणीची गाडी धरली. माती तपासणीच्या खोलीत महारुद्र पांढरा कोट घालून उभा होता. महिनाभराची दाढी, डोळे खोल गेलेले. तिला पाहताच त्याने हातातली काचेची नळी हळूच टेबलावर ठेवली.

"शिक्षा कळवायला आले," ती म्हणाली.

"सांगा."

"अहोजाहो बंद."

तो खाली बघून हसला. मग वर बघत म्हणाला, "एवढीच?"

"न्हाई. जन्मठेप हाय. पण ती कागदावर होईल, सगळ्यांदेखत."

जूनमध्ये त्यांनी परभणीच्या विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली. कायद्याप्रमाणे ती तीस दिवस फलकावर लागते. दोघांची पूर्ण नावं, पत्ते, वय, सगळं. कुणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी. बहुतेक जोडपी ते तीस दिवस जीव मुठीत धरून काढतात. संघप्रियाने फलकासमोर उभं राहून आपल्या नावाचा फोटो काढला आणि बाकीच्या पाचही वाचकांना सरजाबाईंमार्फत टपालाने पाठवण्यासाठी त्याच्या प्रती काढल्या. महारुद्र म्हणाला, एवढं कशाला? ती म्हणाली, "चिठ्ठी आपण स्वतः लिहिली, हे त्यांना कळू दे."

बाराव्या दिवशी मानवतच्या प्रयोगशाळेत धोतर-टोपीतले एक गृहस्थ आले. रांगेत बसले. नंबर आल्यावर खुर्चीवर बसून त्यांनी बाही वर केली. संघप्रियाने नाव विचारलं.

"बन्सीधर होगे," ते म्हणाले.

तिच्या हातातली सुई थांबली. मग तिने ती बाजूला ठेवली. "बसा, काका. पाणी घेता का?"

त्यांनी पाणी घेतलं नाही. त्यांचं बोलणं चढ्या आवाजातलं नव्हतं, पण कठीण होतं. अर्ज मागे घे, म्हणाले. भावकी त्यांना पंगतीला बसू देणार नाही. धाकट्या मुलीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. पोरगा खुळा आहे, तू तर शिकलेली आहेस. आणि शेवटी, "ध्यानात ठेव, गावात पाय ठेवू देणार न्हाई मी तुला."

"काका, तुमच्या गावात पाय ठेवायसाठी मी लग्न करत न्हाई," संघप्रिया म्हणाली. तिचा आवाज अगदी उतरला होता, पण एकही शब्द डगमगला नाही. "तुमची जमीनबी नको, मानबी नको. मला तुमच्या मुलाशी बोलत बसायला आवडतं. आयुष्यभर बसायचंय. अर्ज दोघांचा हाय अन मी तो काढणार न्हाई. तुमाला हरकत घ्यायची असंल तर कायद्यानं काय कारणं चालतात ते तिथं लिहिलेलं हाय. जात त्यात न्हाई."

ते बाही खाली ओढून उठले. ते गेल्यावर तिने हात धुतले. नवी सुई काढली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

हरकत आली नाही.

जुलैतल्या ज्या सकाळी लग्न होतं, त्या सकाळी परभणीत भुरभुर पाऊस होता. संघप्रियाने निळी साडी नेसली होती. महारुद्रचा पांढरा सदरा रिक्षातून उतरताना खांद्यावर भिजला, आणि तिने तो सगळ्यांदेखत आपल्या पदराने टिपला. तीन साक्षीदार लागतात. सिद्धोधन गुरुजी होते. जिंतूरहून सरजाबाई आल्या होत्या – अपेक्षेपेक्षा फारच ठेंगण्या, हातात छत्री, आणि आल्या आल्या दोघांना आडनावाशिवाय हाक मारून मोकळ्या झालेल्या. तिसरा साक्षीदार महारुद्रचा कचेरीतला मित्र. तो अजून वाटेत होता. त्याची दुचाकी पावसात बंद पडल्याचा फोन आला.

तेवढ्यात कुसुमबाईने संघप्रियाचा दंड हळूच दाबला आणि फाटकाकडे बोट केलं.

फाटकाबाहेर, पावसात, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उभी होती. आत यायचं की परत जायचं, हे तिचं तिलाच ठरत नव्हतं. महारुद्रने पाहिलं आणि तो जागीच थिजला. "आई," एवढंच तो म्हणाला.

संघप्रिया मात्र थांबली नाही. साडीच्या निऱ्या उचलून, चिखल तुडवत ती फाटकापर्यंत गेली.

"आत या," ती म्हणाली.

महारुद्रच्या आईने, धुरपताबाईंनी, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यान्ला सांगून न्हाई आले मी," त्या म्हणाल्या. "इचारून तर न्हाईच न्हाई. पहाटंची गाडी धरली. चाळीस वर्सांत पहिल्यांदा एकटी यश्टीत बसले."

"भीती वाटली?"

"लय." मग थोडं थांबून, "पर खिडकी मिळाली."

संघप्रियाला हसू आलं. तिने हात पुढे केला. धुरपताबाईंनी आपल्या ओल्या हाताने तो धरला – घट्ट, अगदी घट्ट – आणि दोघी आत आल्या. महारुद्र आईच्या पाया पडायला वाकला तर त्यांनी त्याला मध्येच धरून उभं केलं. दाढी केलीस, बरं केलंस, म्हणाल्या.

आत अधिकाऱ्यांनी कागद पुढे सरकवले. महारुद्रने सही केली. संघप्रियाने केली; इतकी दाबून, की खालच्या कागदावर उमटली. गुरुजींनी केली, सरजाबाईंनी केली. तिसऱ्या साक्षीदाराची रेघ रिकामी राहिली आणि सगळे दाराकडे बघू लागले.

"मी करते," धुरपताबाई म्हणाल्या.

कारकुनाने आदराने शाईचं पॅड पुढे केलं, अंगठ्यासाठी.

त्यांनी ते बाजूला सारलं. पेन मागून घेतला, खुर्ची पुढे ओढली, आणि कपाळाला आठ्या घालत, ओठ मिटून, एकेक अक्षर जमिनीत बी टोचावं तसं कागदावर टोचू लागल्या. बाहेर पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. धु... र... प... ता. त्यांनी वर रेघ ओढली आणि पेन खाली ठेवला.

"मावशी, मालकांचं नाव अन आडनावबी लिहायचं असतं," कारकून म्हणाला.

धुरपताबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या सुनेकडे.

"सही माझी हाय," त्या म्हणाल्या. "माझं नाव एवढंच हाय."